धुनी : थंडीतल्या संध्याकाळसाठी

आमच्या धंद्यातल्या माणसाने अंगाला अत्तर लावायचं नसतं. हा नियम कुठे छापलेला नाही, पण तो मोडणाऱ्याला आम्ही आमच्यातला मानत नाही. अंघोळीला बिनवासाचा साबण, कपड्यांना बिनवासाची पावडर, दाढीनंतर नुसतं गार पाणी. कच्चा कांदा नाही, पान नाही, तंबाखूचं तर नावच नको. नाशिकला सातपूरच्या एका प्रयोगशाळेत मी, मुकुंद गायधनी, सदतीस वर्षं सुगंध जुळवत होतो, आणि माझ्या अंगाला कसलाच वास येत नाही हे मी लोकांना पदवी सांगावी तसं सांगायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझी बायको वैजयंती मला विसरली. आधी नावं गेली, मग तारखा गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी एका सकाळी मी तिच्यासाठी चहा घेऊन गेलो तर ती पलंगावरून उठून भिंतीला चिकटली आणि ओरडली, "कोण तुम्ही? घरात कसे आलात?" आम्हाला मूलबाळ नाही. घरात आम्ही दोघंच. त्या दिवसापासून एक बाई आपल्याच घरात एका परक्या म्हाताऱ्याबरोबर कोंडली गेली होती, आणि तो म्हातारा मी होतो.

मदतीला बायका ठेवून पाहिल्या. त्यांनाही ती घाबरायची. या वर्षी, म्हणजे २०४४ च्या पावसाळ्यापासून तिने खाणं सोडलं. अनोळखी माणसाने पुढे केलेला घास कोण खाईल? दिवाळीत तिचं वजन एकोणचाळीस किलो भरलं. डॉक्टर सुनीती वाळिंबेंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ज्याच्यावर विश्वास ठेवता येईल असं एक माणूस त्यांना या घरात दिसलं नाही, तर त्या संक्रांत पाहतील की नाही सांगता येत नाही."

मग त्यांनीच त्या नव्या उपचाराबद्दल सांगितलं.

"नाकाच्या अगदी वरच्या टोकाला ज्या चेतापेशी असतात ना," त्या म्हणाल्या, "त्या मरतात आणि पुन्हा उगवतात. म्हातारपणीसुद्धा. शिवाय त्यांचा रस्ता आठवणींच्या कोठारात जवळजवळ थेट जातो. डोळ्यांनी पाहिलेला चेहरा चार ठिकाणी फिरून तिथे पोचतो, आणि या आजारात ते मधले रस्तेच उखडतात. म्हणून तुमचा चेहरा आत पोचत नाही. वास पोचू शकतो."

उपचार असा होता: अकरा दिवस नाकात औषधाचे थेंब घालायचे. जुन्या पेशी गळून पडतात आणि त्यांच्या जागी येणारी सगळी नवी भरती एकाच वासाच्या नावाने होते, जो वास त्या दिवसांत रोग्याला सतत हुंगायला दिला जाईल त्याच्या. या नव्या पेशी मग आत शोधत जातात, आणि तो वास पूर्वी जिथे साठवला गेला असेल तिथे जाऊन जुळतात.

"आम्ही नवी आठवण तयार करत नाही हं," डॉक्टरांनी बजावलं. "आत जी आहे तिच्यापर्यंतचा रस्ता रुंद करतो, एवढंच. आणि हे एकदाच होतं. त्यानंतर त्यांना दुसरा कसलाही वास कधीही येणार नाही. फोडणीचा नाही, फुलांचा नाही, गॅस गळला तर त्याचाही नाही. तेव्हा वास विचार करून निवडा. बहुतेक लोक तीन दिवस घातलेला, न धुतलेला सदरा आणतात."

मला हसू आलं. सदरा! माझ्या सदऱ्याला वास असता तर मी धंद्यात टिकलो असतो का? मी दुसऱ्या दिवशी 'धुनी'ची बाटली नेऊन त्यांच्या टेबलावर ठेवली.

धुनी म्हणजे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. पुरुषांसाठी, थंडीतल्या संध्याकाळसाठी. लोकांना वाटतं अंबर म्हणजे दागिन्यातला तो पिवळा खडा. सुगंधातलं अंबर तसं कुठे सापडत नाही, ते जुळवावं लागतं. थोडी झाडांची राळ, थोडा लोभान, थोडी व्हॅनिला, आणि मधासारखी एक ऊब तयार होते. तिच्यात मी धूर घातला. भूर्जाच्या सालीचं डांबर आणि आपल्याकडच्या नदीकाठचा नागरमोथा. हे सगळे जड रेणू. उन्हाळ्यात एकदम उधळतात आणि डोकं उठवतात, पण गार हवेत ते कातडीवरून सावकाश, एकामागून एक उठतात. तासातासाला वास बदलत जातो. शेवटी उरतो तो विझत आलेल्या शेकोटीजवळ बसलेल्या माणसाच्या शालीचा वास. ही बाटली देशभर गेली. अजूनही जाते.

डॉक्टरांनी झाकण उघडून वास घेतला. "सुंदर आहे. पण हा वास त्यांच्या मनात तुमच्याशीच जोडलेला आहे? नक्की?"

"डॉक्टर," मी नाक वर करून म्हणालो, "हा माझाच वास आहे."

खोटं बोलत होतो असं नाही. मला तसंच वाटत होतं. तीन हिवाळे हा वास आमच्या घरात होता, वैजयंतीने तो हजार वेळा घेतला होता, आणि तो मी बनवला होता. आणखी काय हवं?

अकरा दिवस मी तिच्या नाकात थेंब घालत होतो, ती बोचकारत होती. बाराव्या दिवशी संध्याकाळी हवा चांगलीच गार झाली. मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाला सुगंध लावला. दारातून आत गेलो आणि तिच्यापासून चार हातांवर उभा राहिलो.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. आधी तिचे खांदे सैल झाले. मग तिने मान वळवली. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून ती हसली, तोंडभरून हसली. मला रडू फुटलं.

"या ना भाऊजी," वैजयंती म्हणाली. "आज उशीर केलात. बसा. हे अजून यायचेत."

भाऊजी! नवऱ्याला कुणी भाऊजी म्हणतं का? ती मला कधी 'अहो' म्हणायची आणि चिडली की 'मुकुंद'. तिच्या आयुष्यात भाऊजी एकच होता. रघू काजळे, माझ्या प्रयोगशाळेतला माझा हाताखालचा माणूस.

मला तिथल्या तिथे सगळं कळलं, आणि कळल्यावर मी शहाण्यासारखं वागलो असतो तर बरं झालं असतं. मी ओरडलो. "रघू नाही, मी मुकुंद! नीट बघ माझ्याकडे! मुकुंद आहे मी!" तिचं हसू विरलं. तिने दोन्ही हात तोंडापुढे धरले आणि ती किंचाळायला लागली. मी मोरीत जाऊन कातडी लाल होईपर्यंत मनगट घासलं.

त्याचं असं झालं होतं. सुगंध कागदाच्या पट्टीवर कितीही हुंगला तरी अखेर तो माणसाच्या कातडीवर तपासावा लागतो. धुनी थंडीसाठी, म्हणजे तपासणी थंडीतच हवी, आणि प्रयोगशाळेत तर यंत्राने सांभाळलेली हवा. आमचं घर मखमलाबादच्या टोकाला, पुढे द्राक्षांचे मळे, डिसेंबरात ओट्यावर दात वाजायचे. तेव्हा मीच ठरवलं की रोज संध्याकाळी पाच ते नऊ रघूने आमच्या ओट्यावर बसायचं. मी लावून चालणार नव्हतं, नियम. रघूची कातडी कोरडी, उबदार, सुगंध धरून ठेवणारी. आणि दर तासाला त्याच्या मनगटाचा वास घेऊन वहीत लिहिणार कोण? वैजयंती. ती शाळेत शिकवायची, चारला घरी यायची, नाकाने माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. मी त्या वेळी प्रयोगशाळेत उद्याचा नमुना जुळवत असायचो. नऊ वाजून गेल्यावर यायचो, वही वाचायचो आणि जेवायचो. तीन हिवाळे.

रघू माझ्या लेखी तिथे नव्हताच. तो म्हणजे ऊब असलेली एक कागदाची पट्टी. पट्टीला कुणी चहा विचारतं, पट्टी गप्पा मारते, असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. अशी चूक दुसरा कुणी नवरा करणार नाही. त्याला बायकोच्या शेजारी माणूस बसलेला दिसला असता.

दुसऱ्या दिवशी मी रघूला फोन लावला. तो निवृत्त होऊन सिन्नरला राहतो. माझ्या मनात काय नाही नाही ते आलं होतं, आणि मी ते तसंच विचारलं. बत्तीस वर्षांच्या ओळखीची भीडही ठेवली नाही.

मग रघू म्हणाला, "दादा, तसलं मनात आणू नका. वहिनी मला सख्ख्या बहिणीच्या जागी. दर तासाला चहा द्यायच्या, वास घ्यायच्या, लिहायच्या. थंडी लय असायची म्हणून आतली शाल आणून द्यायच्या."

"चार चार तास काय बोलत होतात?"

"तुमचंच बोलणं चालायचं की. आज दादा काय म्हणाले, दादा कशावर चिडले. साडेआठ झाले की त्या सारख्या रस्त्याकडं बघायच्या. मी म्हणायचो, येतील वहिनी. पण दादा, तुम्ही आल्यावर आधी वही मागायचात. ते त्यांना लागायचं. मला दिसायचं."

यापेक्षा त्याने काही भलतंसलतं कबूल केलं असतं तर बरं झालं असतं. मग निदान रागवायला कुणीतरी मिळालं असतं.

मी डॉक्टरांकडे धावलो. पुन्हा एकदा करा म्हणून पाया पडायचा बाकी राहिलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "गायधनी, नव्या पेशी लागल्या. त्या पुन्हा गाळल्या तर हाही रस्ता जाईल आणि दुसरा लागेलच असं नाही. आत्ता त्यांच्याजवळ एक तरी माणूस आहे. तोही काढून घेऊ?"

"पण तो माणूस मी नाही!"

"मी तुम्हाला सदरा आणायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

तरी माझी खोड जाईना. मी जुन्या प्रयोगशाळेत ओळख काढून गेलो, चार दिवस अंगावर ठेवलेला सदरा यंत्रात घातला. हवेतला प्रत्येक रेणू वेगळा करून त्याची रेघ काढणारं यंत्र ते, त्याच्यासमोर माझं आयुष्य गेलं. पडद्यावर रेघ उमटली. सुती कापड. थोडं हातमोज्यांचं रबर, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी. थोडा कुठल्याही म्हाताऱ्याच्या घामाला येतो तसा शिळा वास. बाकी सपाट. माझं म्हणून एकही टोक वर आलेलं नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि लहान मुलासारखा रडलो. माझ्या जागी आलेली पोरगी घाबरून पाणी घेऊन आली.

या सगळ्यात वैजयंती काहीच खात नव्हती. वजन अडतीसवर आलं होतं.

मग मला वाटलं की एक वाट उरली आहे. रघू धुनी लावून बसेल. ती त्याला ओळखेल, त्याच्यावर विश्वास ठेवेल. आणि मग त्यानेच सांगायचं, वहिनी, हे बघा दादा आले. जिच्यापर्यंत माझा चेहरा पोचत नाही तिच्यापर्यंत रघूचा शब्द पोचेल. रविवारी दुपारीच रघू आला. पाठीत वाकलेला, कानाला यंत्र, हातात वैजयंतीसाठी गुळाच्या रेवड्या. सुगंध लावण्याआधी ती त्याच्याकडे बघून मागे सरकली. लावल्यावर हसली. "या भाऊजी." रेवडी हातात घेऊन चघळायलाही लागली. दाराबाहेर उभा राहून मी ते ऐकत होतो आणि देवाचं नाव घेत होतो. मी देव मानत नाही.

अर्ध्या तासाने रघू म्हणाला, "वहिनी, दादा आले बघा."

मी आत गेलो. केस विंचरले होते, तिने घेतलेला निळा स्वेटर घातला होता. ती उठून उभी राहिली, दोन पावलं पुढे आली, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. किती आशेने बघितलं तिने! डोळे माझ्या तोंडावरून फिरले, केसांवरून, हातांवरून, आणि मग ती हळूच रघूच्या मागे जाऊन उभी राहिली.

"हे नव्हेत," ती त्याच्या कानाशी कुजबुजली. "भाऊजी, हे म्हातारे कोण? यांना कशाला आणलंत? सांगा ना त्यांना जायला."

"वहिनी, अहो हेच दादा. बघा तरी नीट."

"तुम्हीसुद्धा फसवता मला?" ती रडायला लागली.

रघूने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली आणि बाहेर आलो. पाठीमागे त्याचा आवाज ऐकू येत होता, "नाही नाही, चुकलंच माझं. गेले ते. दादा येतीलच आता." थोड्या वेळाने ती शांत झाली.

जाताना रघू माझ्या पायांशी वाकला. मी त्याला उठवलं. त्याच्या घरी बायको अंथरुणाला खिळलेली, रोज सिन्नरहून येणं त्याला जमणारं नव्हतं, आणि ते त्याने सांगायच्या आधीच मला माहीत होतं. "दादा," तो डोळे पुसत म्हणाला, "वास तर कुणी लावला तरी त्यांना मीच दिसतो. मी नसलो तरी चालतंय."

दोन दिवस मी स्वतःशी भांडलो. पंचेचाळीस वर्षांचा संसार. मुकुंद म्हणून तिच्यासमोर गेलो तर तिच्या लेखी मी चोर, आणि तिच्या पोटात अन्न नाही. रघू म्हणून गेलो तर ती जगेल, पण मुकुंद गायधनी या घरात पुन्हा कधी येणार नाही. मी जिवंत असून मला माझ्याच हाताने स्वतःला पुसायचं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्याने पलंगावरून उठवेना. तेव्हा भांडण संपलं.

संध्याकाळी सहाला मी दोन्ही मनगटांना धुनी लावली, मऊ खिचडीवर तूप घातलं आणि माझ्याच घराचं दार बाहेरून वाजवलं.

"या भाऊजी," आतून क्षीण आवाज आला.

मी आत जाऊन पलंगाजवळ खुर्ची ओढली. ओरडलो नाही. रडलोही नाही. ताट पुढे केलं तर ती म्हणाली, "हे काय, तुम्ही माझ्यासाठी आणलंत? आधी तुम्ही घ्या." मी एक घास घेतला. मग तिने घेतला. मग दुसरा. अर्धं ताट संपेपर्यंत मी श्वास धरून बसलो होतो.

हात पुसून झाल्यावर ती माझ्याकडे वळली. "भाऊजी, एक विचारू? हसायचं नाही हं. मला यांचा चेहराच आठवत नाही हो. नाव येतं ओठांवर, मुकुंद. चेहरा येत नाही. कुणाला सांगायची लाज वाटते. तुम्ही रोज बघता त्यांना. कसे दिसतात?"

"उंच आहेत," मी म्हणालो. "कपाळ मोठं. मिशी आहे, काळी. चालताना जरा पुढे झुकतात. आणि नाक..."

"नाक मोठं!" ती एकदम म्हणाली आणि हसली. "त्याचा भारी तोरा!"

"हो. फार तोरा."

"रागीट आहेत ना?"

"आहेत."

ती बोटाने चादरीची घडी सारखी करत राहिली. "पण माझ्यावर जीव आहे ना हो त्यांचा? तुम्हाला काय वाटतं? खरं सांगा."

पंचेचाळीस वर्षांत मी तिला हे एकदाही सांगितलं नव्हतं. आता सांगायचं तर दुसऱ्याच्या तोंडाने सांगायचं होतं.

"फार जीव आहे, वहिनी," मी म्हणालो. "तुमच्यावाचून त्यांना कुणी नाही."

"मग सांगत का नाहीत कधी?"

मी ताट उचलून बाजूला ठेवलं. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. उशीला टेकून तिने मान दाराकडे वळवली आणि शाल गळ्यापर्यंत ओढली.

"येतील ते," ती समाधानाने म्हणाली. "मी थांबते. तुम्हाला घाई नाही ना भाऊजी?"

"नाही वहिनी," मी म्हणालो. "मला कुठेच जायचं नाही."